तळाची माती

उदगीरच्या आमच्या घरात पाणी भांड्यातच असायचं. घागरीत, बिंदगीत, न्हाणीतल्या हौदात. हात घातला की तळ लागायचा आणि मन निश्चिंत व्हायचं. तळ न लागणारं पाणी मी पहिल्यांदा पाहिलं ते विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला गेल्यावर. बरोबरची पोरं धरणाच्या भिंतीवर वाकून वाकून फोटो काढत होती आणि मी कठडा दोन्ही हातांनी गच्च धरून, ही भिंत बांधणाऱ्यानं सिमेंट नीट वापरलं असेल ना, एवढाच विचार करत होतो.

मी भित्रा माणूस आहे. हे सांगताना मला फारशी लाज वाटत नाही, कारण ते घराण्यातच आहे. वडील दुकान बंद केलं की कुलूप ओढून बघायचे, चार पावलं जायचे आणि परत येऊन पुन्हा ओढून बघायचे. गॅस बंद केलाय का हे बघायला आई एकदा बसस्टँडवरून घरी परत आलेली आहे. अशा घरात वाढलेल्या, गळ्यात इष्टलिंग असलेल्या, आम्लेटच्या गाड्यावरून जाताना नाक दाबून धरणाऱ्या मुलानं पुढे समुद्राच्या तळाशी, शार्क माशांच्या मध्ये, मेलेल्या माशांनी भरलेलं नळकांडं धरून उभं राहावं, यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व काही नाही. त्यानं लग्न केलं, एवढंच.

बायको भोकरजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. कॉलेजात माझ्याच वर्गात होती. आमचं जमलं तेव्हा माझ्या घरी कितीतरी दिवस कुणी नीट जेवलं नाही, आणि तिच्या घरी, पोरगा मटण खात नाही तर त्याच्या अंगात ताकद कुठून यायची, यावर बराच खल झाला. शेवटी दोन्हीकडचे दमले आणि लग्न लागलं.

लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तेव्हा सासऱ्यांनी चहा झाल्याबरोबर मला मळ्यातली विहीर दाखवायला नेलं. मी त्यांना मामा म्हणतो, बायको आबा म्हणते. ती विहीर त्या घराची शाळा होती. पाठीला कोरडा भोपळा बांधून पोरांना तिच्यात ढकलायचं, ती गटांगळ्या खात शिकायची. पण नुसतं पोहता येणं तिथं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. काठावरून सूर मारून सरळ तळाला जायचं, तळाची काळी माती मुठीत घ्यायची आणि वर येऊन सगळ्यांपुढे मूठ उघडायची, ही खरी परीक्षा. माती न घेता वर आलेला अजून कच्चा. माझी बायको ही परीक्षा भावांच्या आधी पास झाली होती, आणि मामांनी ही गोष्ट मला त्या दिवसात तीनदा तरी ऐकवली.

भावजयांनी आग्रह केला म्हणून तिनं त्या दिवशी अंगातल्या पंजाबी ड्रेसवरच सूर मारला. पाणी फाटलं आणि मिटलं. मी वाट बघत उभा राहिलो. वरचं पाणी हळूहळू सपाट झालं. लहर नाही, बुडबुडा नाही, त्यात उलटं आकाश दिसायला लागलं. नवी नवरी आत, आणि विहीर काही सांगायला तयार नाही. मामा तंबाखू मळत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"बुडबुडे आले तर भ्या, जावईबापू," ते म्हणाले. "बुडबुडा न्हाई म्हंजी दम शाबूत हाय. पाण्यात दम सोडला तो गेला."

ती वर आली, पायऱ्या चढली आणि मूठभर माती माझ्या तळहातावर ठेवली. थंड, काळी, लोण्यासारखी मऊ माती. सगळे हसले. मी रुमालानं हात पुसला आणि हसलो.

पुढे मला नोकरी लागली ती अमेरिकेच्या खालच्या अंगाला असलेल्या एका चिमुकल्या बेटावर. तिथं गोडं पाणी नाही. समुद्राचं पाणी यंत्रात दाबून, त्यातलं मीठ काढून, तेच नळाला सोडतात. ज्या लातूर जिल्ह्यानं दुष्काळात रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं, तिथल्या माणसाला हे काम किती आवडलं असेल ते सांगायला नको. मी यंत्रांमध्ये खूश होतो. बायको मात्र घरात बसून कंटाळली, आणि बेटावर कंटाळलेल्या माणसाला जायला एकच जागा असते. ती समुद्रात गेली.

तिथल्या समुद्रात लायनफिश नावाचा एक मासा फार माजला होता. दिसायला देखणा, अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पाठीवर लांब काटे. काट्यात विष. हा मासा मूळचा तिथला नाही, आपल्याकडच्या बाजूच्या समुद्रातला. कुणाच्या तरी शोभेच्या टाकीतून तिथं सुटला असावा म्हणतात. त्याला खाणारं तिथं कुणी नाही आणि हा मात्र खडकावरच्या सगळ्या माशांची पिल्लं गिळत सुटलेला. म्हणून बेटावरची माणसं हवेच्या टाक्या पाठीला लावून खाली जायची आणि बारक्या भाल्यांनी हे मासे वेचून मारायची.

बायकोनं हे ऐकलं आणि तिला पहिली आठवण झाली ती गाजर गवताची. तिचं लहानपण बांधावरचं गाजर गवत उपटण्यात गेलेलं, हाताला खाज सुटेपर्यंत. आणि गंमत अशी की ते गवत त्याच, अमेरिकेच्या खालच्या मुलखातून आपल्याकडं आलेलं. "त्यांचं गवत आपल्या बांधावर, आपला मासा ह्यांच्या खडकावर," ती म्हणाली. "फिटंफाट झाली की. चल, खुरपायला जाऊ."

आम्हाला शिकवणारा तिथलाच एक धिप्पाड, शांत माणूस होता. बायको त्याला उस्ताद म्हणायची, आणि त्याचा अर्थ कळल्यावर तोही त्या नावानं खूश झाला. ती एकटी खाली जाणार आणि मी किनाऱ्यावर बसून राहणार, ही कल्पना मला सहन झाली नाही. खाली जायची भीती मोठी होती, वर बसायची त्याहून मोठी. म्हणून ज्या माणसानं आयुष्यात हौदाबाहेरचं पाणी अंगावर घेतलं नव्हतं, तो आधी हॉटेलच्या तलावात पोहायला आणि मग पाठीला टाकी बांधून बुडायला शिकला.

उस्तादनं पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला आणि तो आमच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतला. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. टाकीतली हवा आपण खोल पाण्यात घेतो, तेव्हा ती दाबून भरलेली असते. वर येताना ती फुगते, घाट चढताना चिप्सचं पाकीट फुगतं तशी. तोंड मिटून वर आलात तर फुप्फुस फाटतं, आणि त्यासाठी फार खोल असावं लागत नाही. श्वास चालू आहे की नाही, हे दुसऱ्याला बुडबुड्यांवरून कळतं. बुडबुडे दिसताहेत तोवर माणूस ठीक. थांबले की धावा.

ऐकताना मला भोकरची विहीर आठवली. मी बायकोकडं पाहिलं. ती मान हलवत होती, पाठ असलेला धडा ऐकणाऱ्या हुशार मुलीसारखी.

मला तो नियम सोपा गेला. मला मोडायला जुनी सवयच नव्हती. त्यात भीतीनं माझी बोबडी वळलेली, म्हणून मी खाली गेलो की मनातल्या मनात नमः शिवाय सुरू करायचो. नमः म्हणताना आत, शिवाय म्हणताना बाहेर. वडील सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसत तेव्हा हाच सूर घरभर असे. फोनवर मी त्यांना नुसतं पोहायला जातो एवढंच सांगितलं होतं, तरी त्यांनी चांदीची डबी काढून लिंग कापडात बांधायला सांगितलं. डबी हरवेल ही त्यांची काळजी. ते कापड माझ्या रबरी पोशाखाच्या आत छातीला लागून असायचं आणि त्याच्याखाली काळीज धडधडत असायचं.

बायकोचं उलटं होतं. तिला पाण्याची भीती नव्हती, म्हणून तिला नियम लागत नव्हते. ती श्वास घ्यायची, मग थांबायची, मग सावकाश सोडायची. तिच्या बुडबुड्यांच्या मध्ये खंड पडायचा. त्यामुळं तिची टाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ पुरायची आणि तिला त्याचा अभिमान होता. उस्ताद तिला रागवायचा. मीही रागवायचो.

"विसरते मी," ती म्हणायची. "इतक्या वर्षांची सवय हाय. पर वर येताना मी कधी दम धरते का सांग?"

नव्हती धरत. वर येताना ती अगदी शिस्तीत श्वास सोडत यायची. पण मला ठाऊक होतं की हे सगळं शांत असताना ठीक आहे; घाबरलेलं माणूस लहानपणी जे शिकलं तेच करतं. आणि ती अजून एकदाही घाबरली नव्हती. म्हणून मी त्या रंगीबेरंगी खडकांकडं कधी धड पाहिलं नाही. लोक विचारतात, खाली काय काय दिसतं? मला तिच्या तोंडातून वर जाणारे बुडबुडे दिसायचे. मी तेच बघायला जायचो.

आमची वाटणी ठरलेली होती. मारणारी ती, नळकांडं धरणारा मी. मासा भाल्याला लागला की तो भाल्यासकट नळकांड्याच्या झडपेतून आत घालायचा आणि भाला मोकळा ओढून घ्यायचा, म्हणजे विषारी काटे हाताला लागत नाहीत. मी त्या वेळी डोळे मिटून घ्यायचो. ती मला चिडवायची, आमचे जावईबापू मासे खात न्हाईत, नुसते सांभाळतात.

शार्कही त्या खडकावर पहिल्यापासून होते. माणसापेक्षा लांब, राखाडी, अंग न हलवल्यासारखे सरकणारे. उस्ताद म्हणायचा, त्यांना माणसात रस नाही, आणि ते खरंही होतं. पण काही उथळ लोकांनी पर्यटकांना गंमत दाखवायला भाल्यावरचे मासे त्यांना भरवले होते. तेव्हापासून भाला दिसला की ते मागं मागं यायला लागले होते, खाटकाच्या दुकानापुढं कुत्री घोटाळतात तसे. त्यांना सगळ्यात ओढ असते ती जखमी माशाच्या तडफडण्याची. म्हणून उस्तादचे आणखी दोन नियम होते: नेम पक्का असल्याशिवाय भाला सोडायचा नाही, आणि शार्क घिरट्या घालायला लागले, त्यानं अंगठा वर केला, की हातातलं काम सोडून सगळ्यांनी वर निघायचं.

हा शेवटचा नियम बायकोला पटत नव्हता. निंदायला बसलेली बाई आपली पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, पुरी केल्याशिवाय उठत नाही. मधेच उठली तर शेजारणी नावं ठेवतात, आणि राहिलेलं गवत पुन्हा सगळ्या रानात पसरतं. ती याच हिशेबानं वाढली होती. एखाद्या कपारीत लायनफिश दिसले की ती कपार साफ करूनच तिला पुढं जायचं असायचं.

त्या रविवारी पाणी गढूळ होतं. आदल्या दिवशी वारा सुटला होता आणि खालची वाळू अजून बसली नव्हती. मी होडीतच म्हणालो होतो, आज नको. मी हे दर रविवारी म्हणत असल्यामुळं कुणी लक्ष दिलं नाही.

आम्ही खाली गेलो. आमच्या विहिरींच्या मापानं दहा परस, म्हणजे दहा माणसं एकावर एक उभी राहतील इतकं, तरी असेल. एका झुकलेल्या खडकाखाली बरेच लायनफिश उलटे लटकून बसले होते. तिनं एकेक टिपायला सुरुवात केली आणि माझं नळकांडं जड होत गेलं. मी शिवाय, शिवाय म्हणत बुडबुडे सोडत होतो, आणि गढूळ पाण्याच्या कडेला एक सावली सरकून गेली. मग दुसरी. मग पहिलीच परत, थोडी जवळून. तिचा डोळा दिसला. त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं.

उस्तादनं अंगठा वर केला. मी तिच्या दंडाला हात लावला. तिनं मागं वळून पाहिलं, अंगठा पाहिला, सावल्याही पाहिल्या, आणि एक बोट वर केलं. एकच राहिलाय. कपारीत खरंच एकच मासा उरला होता. तिची पात संपत आली होती.

मी जोरजोरात मान हलवली. ती वळली होती.

तिनं भाला सोडला तो घाईत. मासा पुरता लागला नाही. भाल्यावरून निसटला आणि कपारीबाहेर, उघड्या पाण्यात, गिरक्या घेत तडफडायला लागला. आणि मग त्या सावल्यांना सावल्या म्हणण्यात अर्थ राहिला नाही. एक शार्क खालून आला. तिच्या पोटाला जवळजवळ घासून गेला, मासा घेतला, मान झटकली, आणि त्याच्या शेपटीचा फटका तिच्या खांद्यावर बसला. दुसऱ्यानं माझ्या हातातल्या नळकांड्यावर नाक आपटलं. माझ्या मनातलं नमः शिवायही बंद पडलं. छाती मात्र आपली वर-खाली होतच राहिली, तिला दुसरं काही माहीतच नव्हतं.

तेव्हा मी तिच्याकडं पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले होते. तिनं छाती भरून श्वास घेतला, गाल फुगवले, खडकाला पाय लावले आणि सरळ वरच्या उजेडाकडं उसळी मारली.

बुडबुडे नव्हते.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगता येईल असं वाटत नाही, तरी सांगतो. मला भोकरच्या विहिरीचं सपाट पाणी दिसलं. मला वाटलं, ही माझ्या डोळ्यांदेखत मरणार, आणि मामा म्हणतील, दम शाबूत हाय. मी नळकांडं सोडून दिलं आणि तिच्या पायाला झोंबलो. पोहताना पायात घालतात तो रबरी पंखा निघून माझ्या हातात आला. तो फेकून मी घोटा पकडला आणि तिला खाली ओढलं. जिथून ती जीव घेऊन पळत होती, तिथंच, शार्कांमध्ये.

तिनं लाथ मारली. ती माझ्या मास्कवर बसली आणि आत पाणी शिरलं. मला धूसर दिसत होतं. खाली माझं नळकांडं शार्क इकडून तिकडं ओढत होते आणि त्यांचं अंग माझ्या पायांना लागत होतं. मी तिच्या कमरेपर्यंत चढलो, पट्ट्याला धरलं, तोंडासमोर हात नेऊन सोड, सोड अशी खूण केली. ती माझ्याकडं बघत होती पण मी तिला दिसत नव्हतो. ती मला ओळखत नव्हती. गाल तसेच फुगलेले.

मी तिच्या पोटात बुक्की मारली. मी आयुष्यात कुणावर हात उगारलेला नाही. पाण्यात हात जोरात चालत नाही, म्हणून पुन्हा मारली, मग कोपरानं दाबलं.

बुडबुड्यांचा एक मोठा लोट माझ्या तोंडावरून वर गेला. मग लहान बुडबुडे. मग थोडं थांबून आणखी. तिनं श्वास घेतला, सोडला. मी तिचा पट्टा सोडला नाही.

उस्ताद आमच्या खाली येऊन थांबला होता आणि भाल्याच्या बोथट टोकानं एकेकाचं नाक बाजूला सारत होता. आम्ही सावकाश वर निघालो. वर पोचण्याआधी ठरलेल्या खोलीवर काही मिनिटं नुसतं लटकून राहावं लागतं, अंगात मुरलेला वायू निघून जावा म्हणून. त्या दिवशीही राहावं लागलं. डोक्यावर होडीचं बूड दिसतंय, पायाखाली राखाडी पाठी गोल फिरताहेत, आणि करायचं काहीच नाही. मी तिच्या दंडावर बोटांनी ताल धरला. नमः, आत. शिवाय, बाहेर. एकदा तिचे बुडबुडे अडखळले तेव्हा मी इतक्या जोरात चिमटा काढला की तो हिरवा-निळा डाग पुढं बरेच दिवस होता. एक पाठ गोलातून सुटून आमच्या दिशेनं वर आली आणि परत गेली. त्या मिनिटांइतका लांब काळ मी पुन्हा अनुभवलेला नाही.

होडीत चढल्यावर ती माझ्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला बसली. बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "मला खाली कामून ओढलास?"

माझे दात वाजत होते. तिला वाटलं होतं की भीतीनं माझं डोकं फिरलं आणि जीव वाचवायला मी तिच्या अंगावर चढलो. बुडणारा माणूस असाच वागतो, हे तिनं विहिरीवर पाहिलेलं होतं. माझा इतिहास बघता तिचा अंदाज चुकीचा म्हणता आला नसता. उस्तादनं तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि तिनं हात छातीवर ठेवला.

दवाखान्यात तिला प्राणवायू लावून दिवसभर ठेवलं. छाती दुखत होती, पण फाटलं काही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडी वर गेली असती तर माझ्याशी बोलायला तुम्ही एकटेच आला असता. त्या बाहेर गेल्यावर बायकोनं माझा हात धरला. "काही सुचलं न्हाई," ती म्हणाली. "फक्त आबा दिसले काठावर. दम सोडू नको म्हणून राहिले होते." मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसलो, कारण मला रडू आवरत नव्हतं.

करार संपला तसे आम्ही परत आलो. आता लातूरला राहतो. मी पाणी शुद्ध करायच्याच यंत्रांवर काम करतो, फक्त इथलं पाणी खारट नाही, जड आहे. त्या रविवारबद्दल दोन्ही घरी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या आईनं नळही सोडू दिला नसता.

मग अधिक महिना आला. आमच्याकडं या महिन्यात जावयाला बोलावून त्याचा मान करतात, धोंडे खाऊ घालतात, कपडे करतात. भोकरला माझ्यासाठी पुरणाचं जेवण होतं, नवं पांढरं धोतर आणि सदरा होता, टोपी होती. जेवणं झाल्यावर सगळे मळ्यात गेलो. विहीर निम्मी भरली होती. भाऊ, भावजया, त्यांची पोरं, सगळी काठावर जमली आणि पोरांनी आत्याच्या मागं धोशा लावला. माती आण, आत्या, माती.

मला वाटलं ती नाही म्हणेल. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, ओढणी कमरेला खोचली आणि सूर मारला.

पाणी फाटलं आणि मिटलं.

मी पहिल्या पायरीवर होतो. लहरी काठाला येऊन विरल्या. पाणी सपाट झालं आणि आत आकाश दिसायला लागलं. बुडबुडा नाही. मला अक्कल आहे, मी इंजिनिअर आहे. विहिरीत टाकीची हवा नसते, दम धरला तर काही फाटत नाही, हे मला पुरतं माहीत आहे. ते सगळं माझ्या डोक्यात होतं आणि अंगाला ते ऐकू येत नव्हतं. अंगाला एकच गोष्ट माहीत होती. बुडबुडे नाहीत.

"कामून भेता, जावईबापू?" मामा वरून म्हणाले. "बुडबुडा न्हाई बघा एक."

मी पायऱ्या उतरायला लागलो. दुसरी, तिसरी, मग शेवाळलेली. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, नवं धोतर फुगून वर तरंगायला लागलं. वर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, जावई अंघोळीला निघाले. टोपी पाण्यात पडली. मी पुढच्या पायरीला पाय लावला तर पायरी नव्हती. एका हातानं दगड धरून मी छातीभर पाण्यात लोंबकळत राहिलो आणि दुसरा हात त्या काळ्या पाण्यात, खाली, जिथवर पोचेल तिथवर घालून चाचपत होतो. तळ लागत नव्हता.

मग माझ्या त्या हाताला खालून हात लागला.

ती वर आली. केस तोंडावर, मूठ मिटलेली. वरती पोरं टाळ्या वाजवत होती, माती दाखव म्हणून ओरडत होती. तिनं वर पाहिलंच नाही. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. फुगलेल्या गालांकडं, ताठ मानेकडं. तिची मूठ उघडली आणि माती पाण्यात विरून गेली. तो मोकळा हात तिनं माझ्या पोटावर ठेवला आणि हळूच दाबला. वडिलांसमोर ती मला कधी अहोशिवाय हाक मारत नाही.

"सोड," ती म्हणाली. "आले मी. श्वास सोड आता."

तेव्हा मला कळलं की ती आत गेल्यापासून मी तो धरून ठेवला होता. मी सोडला.